क्रानाख बापलेक व विटेनबर्ग येथील त्यांची चित्रशाळा

जर्मनी देशांत फ्रांकोनिया नांवाच्या डोंगराळ प्रांतीं क्रोनाख म्हणून एक लहानसें तटबंदीचें गांव आहे. तेथें पंधराव्या शतकांत हान्स नांवाचा एक चितारी राहत असे. त्याच्या कुटुंबास लोक मालेर, म्हणजे चितारी, असेंच म्हणत. धंदा तेंच आडनांव. या हान्साच्या घरीं १४७२ च्या सुमारास जो मुलगा झाला त्याचें नांव लूकास ठेविलें. शुभवर्तमानकार लूक याचेंच हें नांव होय. लूक हा चित्रेंही काढीत असे अशी एक जुनी दंतकथा असल्यामुळें यूरोपांतील चितारी त्यास आपल्या धंद्याचा कैवारी मानीत असत. हा मुलगा बापाच्याच हाताखालीं धंदा शिकला, आणि पुढें तो परमुलखीं गेल्यावर लोक त्यास त्याच्या गांवावरून क्रानाख म्हणूं लागले. तेंच नांव त्याच्या मुलानातवांस लागलें, आणि सुधारलेल्या मंडळीच्या इतिहासांत तें ल्यूथरच्या नांवाच्या अगदीं शेजारीं येऊन बसलें.

सन १५०१ च्या सुमारास लूकास व्हिएन्ना शहरीं गेला. तेथें त्यानें पंडित कुस्पिनियन व त्याची पत्नी यांचीं चित्रें काढलीं, तीं आजही फार नांवाजलेलीं आहेत. १५०३ सालीं त्यानें काढलेलें वधस्तंभाचें एक चित्र म्यूनिक येथें आहे. त्यांत प्रभूचा वधस्तंभ नेहमींप्रमाणें समोरून न दाखवितां एका बाजूनें दाखविला असून मागें काळे ढग दाटले आहेत, व मरीया आणि योहान जवळ उभे राहून प्रभूकडे वर पाहत आहेत. हें चित्र पाहणाराचें मन हालल्यावांचून राहत नाहीं. क्रानाखचीं हीं तरुणपणचीं चित्रेंच त्याचीं सर्वोत्तम होत असें कलेचे जाणते म्हणतात, आणि तें पुष्कळसें खरें आहे. इतकी आग त्याच्या कुंचल्यांत पुढें क्वचितच दिसली. परंतु या चित्रांच्या जोरावर तो जर्मनीच्या घराघरांत पोंचला नसता. तो पोंचला तो दुसऱ्याच एका रीतीनें, आणि ती रीत त्यानें विटेनबर्ग येथें बसविली.

सॅक्सनीचा राजा फ्रेडरिक, ज्यास लोक शहाणा म्हणत, त्यानें १५०५ सालीं क्रानाख यास आपला दरबारी चितारी नेमिलें. सम्राट निवडण्याचा हक्क ज्या थोड्या जर्मन राजांस होता त्यांपैकीं हा एक. त्यानें नुकतेंच म्हणजे १५०२ त विटेनबर्ग येथें विद्यापीठ स्थापिलें होतें. चिताऱ्यास सालीना शंभर गुल्डन पगार ठरला. दरबारी चितारी म्हटला म्हणजे तो केवळ वेदीचीं चित्रें काढीत बसत असेल अशी आपली समजूत होते, पण तसें नव्हतें. राजवाड्याच्या भिंती रंगविणें, निशाणें व ढाली रंगविणें, बर्फावरून ओढावयाच्या गाड्या सजविणें, लग्नसमारंभांचे व युद्धखेळांचे देखावे उभारणें, इतकेंच नव्हे तर राजाच्या शिकारखान्यांतील खोल्या शोभिवंत करणें, हें सर्व त्याच्याकडे असे. एका माणसाच्या दोन हातांनीं हें उरकण्यासारखें नव्हतें. म्हणून त्यास गडी ठेवावे लागले, आणि गडी आल्यावर त्यांचें काम धन्याच्या कामासारखें दिसावें कसें हा प्रश्न आला. क्रानाखची सारी पुढील रीत या एका प्रश्नांतून निघाली आहे.

१५०८ सालीं राजानें त्यास एक मानचिन्ह दिलें. तें चिन्ह म्हणजे तोंडांत आंगठी धरलेला पंखांचा सर्प. त्या दिवसापासून त्याच्या चित्रशाळेंतून निघणाऱ्या चित्रांवर, कोठें तरी कोपऱ्यांत, हा चिमुकला सर्प काढण्याची वहिवाट पडली. हें चित्र मीं स्वतः काढलें असें त्या सर्पाचें म्हणणें नसे. हें आमच्या घरचें काम आहे, आणि त्याच्या चांगुलपणाची जोखीम आमची आहे, एवढाच त्याचा अर्थ. जसा एखाद्या घराण्याचा शिक्का, तसा तो होता.

त्या चित्रशाळेंत काम कसें चाले हें आतां त्या चित्रांच्या बारकाईनें केलेल्या तपासणीवरून पुष्कळ उमगलें आहे. चित्रें फळ्यांवर काढीत. या फळ्या सुताराकडून ठराविक थोड्या मापांच्याच करून घेत. त्यांवर खडू व सरस यांचा पांढरा लेप देऊन, घासून गुळगुळीत करून, त्या आगाऊच रचून ठेवीत. म्हणजे मागणी येतांच फळी हजर. कोणा मोठ्या माणसाचें चित्र काढावयाचें तर त्याचा चेहरा धनी स्वतः एकदां कागदावर समोर पाहून काढी. तो कागद जपून ठेवीत, आणि त्याच्या आधारें त्याच चेहऱ्याचीं पाहिजेत तितकीं चित्रें करीत. प्रत्येक वेळीं राजास तासन् तास समोर बसविण्याची गरज नसे. चित्राची पार्श्वभूमि साधी, एकाच गडद निळ्या, हिरव्या किंवा काळ्या रंगाची ठेवीत. पोषाख, टोप्या, सांखळ्या यांचे नमुने ठरलेले असत. उमेदवार मुलें रंग वाटीत, जाणते गडी कपड्यांचे सपाट भाग भरीत, आणि चेहरा व हात धनी किंवा त्याचे मुलगे करीत.

इटालियन चिताऱ्यांप्रमाणें उजेडसांवलीची गूढ मिसळण करण्याच्या नादीं क्रानाख लागला नाहीं. त्याचें सारें काम रेषेवर. स्पष्ट वळणदार बाह्यरेषा, आंत स्वच्छ चकचकीत रंग, सडपातळ आकृति, बारीक तिरकस डोळे. सांवलीची कला एका हातांतून दुसऱ्या हातांत देणें कठीण, पण रेषा शिकवितां येते. यामुळें दहा हातांचें काम एका हाताचें दिसे. आजही कोणतें चित्र बापाचें, कोणतें थोरल्या मुलाचें व कोणतें धाकट्याचें याविषयीं मोठमोठे जाणते भांडत असतात. कांहीं टीकाकार यास कलेचा ऱ्हास म्हणतात. आम्हांस वाटतें, ज्या माणसानें आपल्या हाताचा तोरा बाजूस ठेवून मुलांस व गड्यांस आपल्याबरोबर नेण्याजोगी रीत शोधून काढली, त्याच्या या शोधासही कांहीं मोल आहे.

कामाचा झपाटा किती होता याचें एक उदाहरण हिशेबाच्या कागदांत राहिलें आहे. १५३२ सालीं राजा योहान वारला. तो फ्रेडरिकचा भाऊ व वारस. त्याचा मुलगा योहान फ्रेडरिक गादीवर आल्यावर त्यानें आपल्या बापाच्या व चुलत्याच्या चित्रांच्या साठ जोड्या क्रानाखकडून करविल्या, व १५३३ त त्यांचे पैसे दिल्याची नोंद आहे. म्हणजे एकशें वीस फळ्या! चेहऱ्याखालीं छापील मजकुराचे कागद चिकटविले असत. हीं चित्रें मित्रराजांस देऊन आपल्या घराण्याचा हक्क पक्का करावा असा राजाचा हेतु होता. त्या चित्रशाळेंतून बाहेर पडलेल्या चित्रांपैकीं हजाराहून अधिक आजही शिल्लक आहेत. वायमार येथें क्रानाखच्या थडग्यावर त्यास सर्वांत जलद चितारी असें विशेषण लाविलें आहे. थडग्यावर एरव्हीं असलें विशेषण कोणी खोदीत नाहीं.

आतां धर्माच्या गोष्टीकडे वळूं. क्रानाख विटेनबर्गास आला तेव्हां तो रोमी मंडळीच्या समजुतींतच वाढलेला होता. फ्रेडरिक राजानें संतांच्या हाडांचा व अवशेषांचा मोठा संग्रह केला होता. १५०९ सालीं त्याची संख्या पांच हजारांवर गेली होती. हे अवशेष पाहणारास पापक्षमा मिळते असें लोकांस सांगत. त्या सालीं या संग्रहाचें जें पुस्तक छापलें त्यांतील चित्रें क्रानाखनेंच काढलीं. पुढें आठ वर्षांनीं, ज्या मंदिरांत ते अवशेष मांडीत त्याच्याच दाराशीं डॉ. मार्टिन ल्यूथर यांच्या पंच्याण्णव कलमांचा संबंध जोडला जातो, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे त्या घराण्याचा प्रवास कोठून कोठें झाला हें कळेल.

डॉ. ल्यूथर व क्रानाख यांचा स्नेह केव्हां जडला तें नेमकें सांगतां येत नसलें, तरी १५२० सालीं तो घट्ट झालेला दिसतो. त्या सालीं क्रानाखची मुलगी आना हिच्या बाप्तिस्म्याच्या वेळीं ल्यूथर तिचे धर्मपिता झाले, आणि त्याच सालीं क्रानाखनें तांब्याच्या पत्र्यावर ल्यूथरांचें चित्र कोरून छापलें. कृश गालांचा, खोल डोळ्यांचा तो संन्यासी लोकांनीं प्रथम या चित्रांत पाहिला. पुढील सालीं वर्म्स येथील सभेहून परततांना, आपणांस कोठें तरी लपवून ठेवणार आहेत अशी आगाऊ सूचना ल्यूथरांनीं ज्या थोडक्या मित्रांस पत्रानें दिली, त्यांत हा चितारी एक होता. १५२१ सालींच ख्रिस्त व पोप यांच्या वर्तनाचा विरोध दाखविणारें एक पुस्तक निघालें. त्यांत तेरा जोड्या चित्रांच्या आहेत: एका पानावर प्रभु शिष्यांचे पाय धूत आहे, तर समोरच्या पानावर पोप राजांकडून आपले पाय चुंबवून घेत आहे. ज्यांस अक्षर येत नव्हतें त्यांसही हें पुस्तक वाचतां आलें.

१५२२ चा सप्टेंबर महिना सुधारलेल्या मंडळीस विसरतां येणार नाहीं. ल्यूथरकृत नव्या कराराचें जर्मन भाषांतर त्या महिन्यांत बाहेर पडलें, आणि तें छापवून घेण्याचा खर्च व जोखीम क्रानाख आणि त्याचा भागीदार सोनार डोरिंग या दोघांनीं उचलली होती. प्रकटीकरणाच्या पुस्तकास चित्रशाळेनें एकवीस मोठीं चित्रें जोडलीं. त्यांपैकीं एकांत बाबेलच्या कलावंतिणीच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुगुट होता. त्यावर इतका गवगवा झाला कीं डिसेंबरांतील दुसऱ्या आवृत्तींत तो मुगुट ठशांतून कापून साधा करावा लागला. तीन महिन्यांच्या आंत दुसरी आवृत्ति काढावी लागली, यावरूनच पहिली कशी खपली तें समजेल. क्रानाख या सुमारास मोठा धनिकही झाला होता. औषधांच्या दुकानाचा परवाना, द्राक्षारस विकण्याचा हक्क, कागदाचा व्यापार, छापखाना, गांवांत घरें, हें सारें त्याच्या हातीं होतें, आणि पुढें तो तीन वेळां विटेनबर्गचा नगराध्यक्षही झाला.

त्याच १५२२ च्या आरंभीं या चित्रशाळेवर असा प्रसंग आला होता कीं ती कायमची बंद व्हावयाची. ल्यूथर वार्टबुर्गच्या किल्ल्यांत लपलेले असतांना विटेनबर्गांत कार्लश्टाट वगैरे मंडळींनीं मंदिरांतील सर्व चित्रें व मूर्ति काढून टाकाव्या असा धडाका लाविला. दुसऱ्या आज्ञेचा आधार त्यांच्यापाशीं होताच. चित्र म्हणजे मूर्तिपूजा, असें एकदां ठरलें असतें तर क्रानाखच्या दारास कुलूप लागलें असतें. मूर्तिपूजेच्या देशांत वाढलेल्या आम्हां लोकांस कार्लश्टाटचें भय अगदींच निराधार वाटत नाहीं. परंतु ल्यूथर मार्च महिन्यांत किल्ल्यांतून परत आले, आणि आठ दिवस रोज उपदेश करून त्यांनीं लोकांस शांत केलें. चित्रास नमन करणें हें पाप, परंतु चित्र पाहून देवाच्या कृतींची आठवण करणें हें पाप नव्हे; लोकांच्या अंतःकरणांतून मूर्ति वचनानें निघाली पाहिजे, हातोड्यानें नव्हे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. येथून पुढें क्रानाखपुढें नवें काम आलें. संतांच्या मूर्तींची जागा घेणारें, परंतु पूजेस अयोग्य व शिकविण्यास योग्य असें चित्र कसें असावें?

त्याचें उत्तर त्यानें १५२९ सालीं दिलें, आणि ल्यूथरांची शिकवण त्यामागें होती यांत संशय नाहीं. नियमशास्त्र व कृपा असें त्या चित्राचें नांव. मध्यें एक झाड आहे. त्याच्या एका बाजूच्या फांद्या वाळलेल्या, दुसऱ्या बाजूच्या हिरव्यागार. वाळलेल्या बाजूस एका उघड्या मनुष्यास मृत्यु व सैतान अग्नीकडे हांकलीत आहेत, आणि मोशे पाट्या घेऊन उभा आहे. मागें आदाम व हव्वा फळ खात आहेत. हिरव्या बाजूस तोच मनुष्य हात जोडून उभा आहे. बाप्तिस्मा करणारा योहान त्यास वधस्तंभावरील प्रभु दाखवीत आहे, आणि प्रभूच्या कुशींतून निघालेली रक्ताची धार नेमकी त्या मनुष्याच्या अंगावर येत आहे. पलीकडे उठलेला प्रभु मृत्यु व सैतान यांस पायाखालीं तुडवीत आहे. खालीं शास्त्रवचनें लिहिलेलीं. अशा चित्रापुढें मेणबत्ती लावून गुडघे टेकणें कोणास सुचणारच नाहीं; तें बोट ठेवून वाचावें लागतें. याच्या नकला फळ्यांवर, पुस्तकांच्या पहिल्या पानांवर, चोहोंकडे झाल्या.

१५३० नंतर या घरानें आणखी एक विषय लोकप्रिय केला: प्रभु बालकांस आशीर्वाद देतो. याचीं वीसाहून अधिक चित्रें त्या चित्रशाळेंतून निघालीं. बालकांचा बाप्तिस्मा नाकारणारांस तें एक उत्तरही होतें. पण वाद बाजूस ठेविला तरी चित्र गोड आहे. आया कडेवर, खांद्यावर लेंकरें घेऊन दाटी करीत आहेत, एक पोर प्रभूच्या गळ्याशीं बिलगलें आहे, आणि शिष्य एका बाजूस तोंडें आंबट करून उभे आहेत.

येथें एक गोष्ट लपवूं नये. हाच क्रानाख, ज्याच्या पापक्षमेच्या चिठ्ठ्यांवर ल्यूथरांनीं प्रथम हल्ला केला त्या आर्चबिशप आल्ब्रेख्ट याचेंही काम करीत होता. हाल्ले येथील त्याच्या मंदिरासाठीं सोळा वेद्यांचीं सुमारें १४० चित्रें या चित्रशाळेनें १५२० च्या आसपासच्या थोड्या वर्षांत पुरविलीं. शिवाय राजेरजवाड्यांच्या हौसेसाठीं यवनी देवतांचीं वस्त्रहीन चित्रेंही ती पुष्कळ काढी. त्यांचें वर्णन या पत्रांत करण्याचें प्रयोजन नाहीं. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा व्यापारी असें त्यास म्हणावें काय? कांहीं म्हणतात. त्या काळीं दोन मंडळ्यांमधली भिंत अजून पुरती उभी राहिली नव्हती, हें खरें. आणि त्याच्या घरीं वीस पोटें जेवीत असतील, हेंही खरें. तरी त्याची पेटी दोन्ही बाजूंनीं भरत होती हें नाकबूल करतां येत नाहीं. माणसाचा विश्वास केव्हां कसाला लागतो तें त्याचें त्यासही आधीं ठाऊक नसतें. क्रानाखची कसोटी म्हातारपणीं झाली.

घरगुती जीवनांत तो ल्यूथरांचा अगदीं जवळचा होता. मठांतून निघालेली काटारीना फॉन बोरा कांहीं काळ त्याच्याच घरीं राहिली, आणि १३ जून १५२५ रोजीं ल्यूथरांनीं तिच्याशीं लग्न केलें तेव्हां क्रानाख व त्याची बायको बार्बरा साक्षीस होतीं. संन्याशानें जोगिणीशीं लग्न केल्याचा देशभर गाजावाजा झाला. त्यावर क्रानाखनें काय केलें? दोघांचीं जोडचित्रें काढून तीं विकावयास ठेविलीं. नवराबायको शेजारीं शेजारीं, साध्या कपड्यांत, लाजण्याजोगें कांहींच नाहीं अशा तऱ्हेनें! पाळकाचा संसार कसा दिसतो हें लोकांनीं प्रथम या फळ्यांवर पाहिलें. पुढील सालीं ल्यूथरांचा थोरला मुलगा जन्मला, त्याचा धर्मपिता क्रानाख झाला.

क्रानाखचे दोन्ही मुलगे, हान्स व लूकास, लहानपणापासून चित्रशाळेंत वाढले. हान्स थोरला व फार होतकरू. अधिक शिकण्यासाठीं तो इटलींत गेला आणि १५३७ सालीं बोलोन्या शहरीं वारला. वय अवघें चोवीसच्या आंतबाहेर. आपणच त्यास जाऊं दिलें, म्हणून मृत्यूचें पाप आपल्याच माथीं, या विचारानें आईबाप पोखरून गेले. ल्यूथर त्यांच्या घरीं गेले व म्हणाले कीं तसें असेल तर त्या पापांत माझाही वांटा आहे, कारण त्यानें जावें असा सल्ला मींही दिला होता. मित्राच्या दुःखाचें ओझें अर्धें आपल्या खांद्यावर घेण्याची ही रीत कोणाही पाळकानें ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्या सुमारास चित्रांवरील सर्पांत एक बदल झाला: पूर्वींचे उभे वटवाघळासारखे पंख जाऊन पाखरासारखे मिटलेले पंख आले. शोकामुळें असेल, किंवा धाकट्या लूकासानें कारभार हातीं घेतला म्हणूनही असेल. तीन वर्षांनीं, १५४० त, बार्बराही वारली.

विटेनबर्गच्या गांवमंदिरांतील मोठें वेदीचित्र १५४७ सालचें आहे, व तें बापलेकांच्या चित्रशाळेचें काम आहे. मध्यें प्रभुभोजन, शिष्य वाटोळ्या मेजाभोंवतीं बसले आहेत, त्यांत दाढीवाले ल्यूथर असून एक तरुण त्यांस प्याला देत आहे. तो तरुण धाकटा लूकासच असावा असें मानतात. प्याला सामान्य ख्रिस्ती माणसाच्या हातीं परत आला, हें यांत सुचविलें आहे. एका बाजूस मेलांख्थोन बालकास बाप्तिस्मा देत आहे, जरी तो दीक्षित पाळक नव्हता. दुसऱ्या बाजूस बुगेनहागन पापांगीकार ऐकत आहे. खालीं ल्यूथर उपदेशपीठावर, समोर मंडळी, आणि मध्यें फक्त वधस्तंभावरील ख्रिस्त.

ल्यूथर त्याच्या आदल्या सालींच वारले होते. २४ एप्रिल १५४७ रोजीं म्यूलबेर्ग येथील लढाईंत सम्राट पांचवा चार्ल्स यानें सॅक्सनीच्या सैन्याचा मोड करून योहान फ्रेडरिक यास कैद केलें. विटेनबर्ग दुसऱ्या राजाकडे गेलें, आणि क्रानाखचें दरबारी काम व पगार सुटला. सम्राटाच्या छावणींत त्यास बोलावणें आलें असें सांगतात. सम्राट आठ वर्षांचा असतांना क्रानाखनें त्याचें चित्र काढलें होतें, तें सम्राटास आठवत होतें. मी तेव्हां कसा वागलों, असें त्यानें विचारिलें. स्वतःकरितां कांहीं मागून घेण्याची ती वेळ होती. म्हाताऱ्यानें गुडघे टेकून आपल्या कैदी धन्यास दया दाखवावी एवढेंच मागितलें.

१५५० सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, त्यानें आपलें मृत्युपत्र करून चित्रशाळा मुलाच्या हवालीं केली, आणि तो आउग्सबुर्ग येथें कैदी राजाच्या सोबतीस गेला. घरदार, दुकान, मान, सगळें विटेनबर्गांत होतें. बोलावणाऱ्याच्या हातीं देण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. तेथेंही म्हाताऱ्याचा कुंचला चालूच होता. तेथून राजाबरोबर इन्सब्रुक, आणि १५५२ त सुटका झाल्यावर वायमार. वायमार येथें त्याची मुलगी बार्बरा व जांवई क्रिस्टियान ब्रूक राहत. त्यांच्याच घरीं १६ आक्टोबर १५५३ रोजीं तो वारला.

धाकट्या लूकासानें विटेनबर्गांत बापाची रीत पुढें तीस वर्षांहून अधिक चालविली. तोही १५६५ सालीं नगराध्यक्ष झाला व १५८६ त वारला. त्यामागें त्याचा मुलगा आउगुस्टीन कुंचला धरून होताच. परंतु धाकट्याचें सर्वांत मोठें काम वायमारच्या गांवमंदिरांत आहे, व त्यावर १५५५ सालचा आंकडा आहे. त्यांत वधस्तंभाखालीं तिघे उभे आहेत: बाप्तिस्मा करणारा योहान, उघड्या पवित्र शास्त्रावर बोट ठेविलेले ल्यूथर, आणि त्या दोघांमध्यें पांढऱ्या दाढीचा वृद्ध चितारी. १५२९ च्या चित्रांत प्रभूच्या कुशींतील रक्ताची धार ज्या बिननांवाच्या मनुष्यावर पडत होती, त्याच्या जागीं मुलानें आपल्या बापास उभें केलें आहे, आणि ती धार म्हाताऱ्याच्या डोक्यावर पडत आहे.